कमी हालचालीची मजुरी : नृत्यमहोत्सवांच्या आयोजकांना आणि अनुदान समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या नृत्यमहोत्सवांचे आयोजक आणि शासकीय-खासगी अनुदान समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या महोत्सवांच्या पत्रिका मी दर मोसमात नीट वाचते. अलीकडे त्यांत एकल आणि दोघांची नृत्यं बरीच दिसू लागली आहेत. नेपथ्य नाही, दागिने नाहीत, घुंगरू नाहीत, कधी संगीतही नाही. एका विंगेतून निघालेली बाई दुसऱ्या विंगेत पोचायला पंधरा-वीस मिनिटं घेते आणि तेच नृत्य असतं. मी स्वतः याच प्रकारचं काम करते, त्यामुळे आपल्याकडे या नृत्याला जागा मिळू लागली याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती जागा कशामुळे मिळते आहे हे कळल्यापासून मी अस्वस्थ आहे. करोनानंतर प्रायोजक आटले. नाट्यगृहाचं भाडं, लाइटवाल्यांचे पैसे, प्रवास, राहण्याची सोय, सगळंच चढलं. पंधरा जणींचा ताफा आणि चार वादक बोलावणं परवडेनासं झालं. अशा वेळी दोन बॅगा घेऊन रेल्वेने येणारं आमचं नृत्य सोयीचं पडतं.

कारण काहीही असो, प्रेक्षकांना वेगळं काही बघायला मिळतंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतर जे ऐकावं लागतं त्याबद्दल आहे. एका आयोजकांनी ते मला फोनवर अगदी सरळ विचारलं. "ताई, दोनच तर माणसं आहेत. सेट नाही, वादक नाहीत, कपडे रोजचेच. आणि मध्येमध्ये तर तुम्ही नुसत्या उभ्या असता. मग एवढं मानधन कशाचं?" बोलण्यात कुठेही हेटाळणी नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. फोनवर मला ते नीट देता आलं नाही, आणि असा प्रश्न पडणारे ते एकटे नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

नुसतं उभं राहणं म्हणजे काय, इथूनच सुरुवात करते. आमच्या एका रचनेत दोघी जणी प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या असतात आणि उजवा हात मांडीपासून खांद्याच्या रेषेपर्यंत वर नेतात. एवढीच हालचाल, पण तिला चार मिनिटं लागतात. पहिलं मिनिट सोपं जातं. दुसऱ्या मिनिटात खांद्याच्या मागचा स्नायू जळायला लागतो, आणि त्याला मदत म्हणून मान आपोआप आखडते. मान आखडली की श्वास छातीत वर चढतो. श्वास चढला की हात थरथरतो, आणि हातात बांगडी नसल्यामुळे ती थरथर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. तिसऱ्या मिनिटात डावी टाच जमिनीत रुतवून वजन मागे न्यावं लागतं, पण कंबर हलता कामा नये. शिवाय शेजारी उभी असलेली दुसरी बाई तुम्हाला दिसत नाही. तिचा हात आत्ता कुठवर आला असेल हे फक्त तिच्या श्वासावरून ओळखायचं असतं, कारण मोजायला ताल नाही. दोघींचे हात एकाच क्षणी खांद्याशी पोचले तरच त्या चार मिनिटांचं नृत्य होतं, नाहीतर दोन बायका हात वर करताना दिसतात, बाकी काही नाही.

मी भरतनाट्यम शिकलेली आहे, आणि द्रुत लयीतल्या तीरमानमची, म्हणजे शुद्ध पदन्यासाच्या तुकड्यांची, मेहनत काय असते ते मला ठाऊक आहे. पण तिथे पाय किंचित चुकला तर मृदंग आणि घुंगरू सांभाळून घेतात. इथे सांभाळायला कुणी नाही. म्हणून तालमी जास्त लागतात. त्या तालमी होतात तासावर भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, फरशीवर. खाली काँक्रीट, वर गुळगुळीत टाइल, मध्ये लवचिक असं काहीच नाही. त्या फरशीवर संथ हालचाल करणाऱ्याच्या गुडघ्यांचं आणि नडगीचं काय होतं ते फिजिओथेरपिस्टला विचारा. हॉलचं भाडं, फिजिओथेरपी, आणि तालमीसाठी बुडवलेल्या शिकवण्या हा आमचा निर्मितीखर्च. तो रंगमंचावर दिसत नाही. दिसतात फक्त दोन बायका.

जेरोम बेल या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाने 2004 मध्ये पॅरिस ऑपेरासाठी एक रचना केली. नाव होतं 'व्हेरोनिक दोआनो', आणि हे तिथल्याच एका नर्तकीचं खरं नाव. निवृत्तीला आलेली ही बाई एवढ्या प्रचंड रंगमंचावर एकटीच सरावाच्या कपड्यांत येते आणि आपल्याबद्दल सांगते. आपण कधीच तारका झालो नाही, हे सांगते. महिन्याला सुमारे 3,600 युरो मिळतात, हेही सांगते. मग ती 'स्वान लेक' या बॅलेमधला समूहातल्या हंसिणीचा भाग एकटी करून दाखवते. नायक-नायिका मध्यभागी नाचत असताना मागच्या ओळीतल्या बायकांनी मिनिटंच्या मिनिटं एकाच मुद्रेत उभं राहायचं असतं. एरवी आपली नजर नायिकेवर असते, त्यामुळे या बायका दिसतच नाहीत. इथे नायिका नाही आणि फक्त ती मागची बाई उभी आहे. ते उभं राहणं किती जड आहे, आणि ताऱ्यांच्या मागचा देखावा बनून राहणं काय असतं, हे ती शांतपणे सांगते. ज्या संस्थेने तिला इतकी वर्षं मागे उभं केलं, तिच्याच रंगमंचावर हे घडलं. जवळजवळ काहीच न करता केलेलं याहून राजकीय नृत्य मला माहीत नाही. पगाराचा आकडा रंगमंचावरून उच्चारला गेला हा त्यातला सर्वांत मोठा धक्का होता असं मला वाटतं. नर्तकाची कमाई किती, हा प्रश्न आपल्या क्षेत्रात आजही असभ्य समजला जातो.

तुमच्यापैकी काहींना वाटतं की हे नृत्य म्हणजे परदेशातून आलेली फॅशन आहे आणि आपल्या मातीतल्या हलाखीशी त्याचा काही संबंध नाही. त्यांना मला नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखा यांची गोष्ट सांगायची आहे. चंद्रलेखांचा जन्म महाराष्ट्रातल्या वाडा इथला, 1928 सालचा. नृत्य शिकायला त्या मद्रासला गेल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या. 1952 मध्ये त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे पहिलं जाहीर नृत्य, झालं ते आंध्रातल्या रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी. त्यात 'मथुरा नगरिलो' ही रचना होती. यमुनेचं भरलेलं पात्र, सख्यांची जलक्रीडा, पाणी उडवणं, पाण्यात खेळणं. नाचता नाचता चंद्रलेखांना जाणवलं की आपण हाताच्या बोटांनी जे पाणी दाखवतोय, ते ज्यांच्यासाठी पैसे गोळा करतोय त्यांच्याकडे नाही. वर्तमानपत्रांत पाहिलेली भेगाळलेली जमीन आणि पाण्यासाठी भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या रांगा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. कला आणि जगणं यांच्यातली ती फट त्यांना पुढे कधी विसरता आली नाही. हा प्रसंग त्या स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आल्या.

मधली अनेक वर्षं त्या मंचीय नृत्यापासून दूर राहिल्या. लेखन, चित्रं, पोस्टर, स्त्रियांच्या आणि मानवी हक्कांच्या चळवळी यांत त्यांनी काम केलं. 1984 मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला, तेव्हा त्या पुन्हा नृत्याकडे वळल्या, आणि 1985 मध्ये 'अंगिका' आली. त्यात भरतनाट्यम होतं, कलरिपयट्टु ही केरळची युद्धकला होती, योग होता. गळून गेले होते दागिने, देवकथा, नायिकेचं लाडिक रुसणं आणि प्रेक्षकाला खूश करणारं हसू. साध्या साडीतल्या बायका आणि त्यांचा कणा, एवढं उरलं. 2001 च्या 'शरीर'मध्ये तर धृपदाच्या आलापाबरोबर एक स्त्री आणि एक पुरुष इतक्या संथपणे हलतात की बघणाऱ्याचा श्वासही हळू होतो.

मला यातून दिसतं ते असं. चंद्रलेखांनी नृत्यातलं पाणी, दागिने, कथा काढून टाकल्या त्या पैसे वाचावेत म्हणून नाही. दुष्काळात भरलेली नदी दाखवत राहणं त्यांना खोटं वाटलं म्हणून काढल्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्या, आणि आजही मार्च उजाडला की टँकरच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये. हलाखीच्या काळात नृत्याने झगमगाट दाखवून माणसांचं मन रमवावं असं एक मत आहे, आणि त्याचा मी अनादर करत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री ढोलकीच्या तालावर सगळं विसरावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण त्याच माणसाचं दिवसभराचं उभं राहणं, वाट बघणं, ओझं पेलणं जसंच्या तसं समोर ठेवणारी कलाही हवी. रेशनच्या रांगेत, मजूर अड्ड्यावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीपुढे माणसं जशी उभी असतात, तसं उभं राहणं नृत्याच्या मंचावर यावं आणि तिथे त्याच्याकडे कुणीतरी अर्धा तास नीट बघावं, एवढी या नृत्याची मागणी आहे.

न्यूयॉर्कमध्ये 1962 च्या 6 जुलैला जडसन मेमोरियल चर्चच्या हॉलमध्ये काही तरुण नर्तकांनी एकत्र येऊन पहिला कार्यक्रम केला, तेव्हाही मागणी अशीच होती. चालणं, पळणं, बसणं, गादी उचलून नेणं हे नृत्य का नाही, असं ते विचारत होते. त्यांच्यातल्याच इव्हॉन रेनर या नर्तकीने 1965 मध्ये देखावा, चमत्कार, मोहिनी, तारकापण या सगळ्याला नकार देणारं निवेदन लिहिलं, आणि 1966 मध्ये 'ट्रिओ ए' केलं. साडेचार-पाच मिनिटांच्या या रचनेत एकही हालचाल दुसरीपेक्षा महत्त्वाची नाही, कुठे थांबा नाही, कुठे चढ नाही, आणि नर्तक एकदाही प्रेक्षकांच्या नजरेला नजर देत नाही. पुढच्याच वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या एका सप्ताहात रेनरने ते मोठ्या आजारपणातून उठल्यावर अशक्त शरीराने केलं. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये, राष्ट्रध्वजाच्या वापरावरून कलावंतांना होत असलेल्या अटकेचा निषेध म्हणून, तेच नृत्य त्याच चर्चमध्ये नर्तकांनी विवस्त्र अवस्थेत, गळ्यात ध्वज बांधून केलं. हालचाली बदलल्या नव्हत्या. बदललेली होती फक्त वेळ.

या इतिहासाचा एक भाग मात्र कौतुक करताना सुटतो. त्या तरुणांना हॉल चर्चने दिला होता. न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमधल्या बंद पडलेल्या कारखान्यांचे रिकामे माळे त्या काळी नाममात्र भाड्याने मिळत, आणि आठवड्यातले थोडे दिवस कुठेतरी काम करून उरलेले दिवस तालमीला देता येत. म्हणजे त्यांच्या साधेपणाच्या खाली स्वस्त छप्पर होतं. आज त्याच माळ्यांवर श्रीमंतांची घरं आहेत. पुण्यात किंवा मुंबईत मला असं छप्पर कुठे मिळेल ते सांगा, मी कमी मानधनात काम करायला तयार होईन.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते, कारण माझ्या दृष्टीने धोका इथे आहे. कमी साधनांचं नृत्य म्हणजे कमी पैशांचं नृत्य, असं तुम्ही ठरवून टाकलंत तर ते करायला उरेल कोण? जिच्या घरचं भाडं दुसरं कुणी भरतं ती उरेल. जिला तालमीसाठी शिकवणी सोडावी लागत नाही, जिच्या गुडघ्याच्या एमआरआयचे पैसे वडील किंवा नवरा देतो, ती उरेल. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने या वर्षी नृत्य सोडलं. तिचे वडील रिक्षा चालवतात. ती आमच्यातली सर्वांत स्थिर नर्तकी होती, तिच्या उभं राहण्यात मी वर म्हटलं ते सगळं होतं आणि ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आता ती एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. तिच्या जागी येणारी मुलगी गुणी असेलही, पण हलाखीबद्दल बोलणारं नृत्य हलाखी न पाहिलेल्यांच्याच हाती गेलं तर ते बोलणार काय? मग हे नृत्य खरोखरच मूठभरांच्या दिवाणखान्यातला शौक होईल, आणि त्याच्यावर होणारा आरोप खरा ठरेल. मला तो खरा ठरायला नको आहे.

आपल्याकडे थोडक्यात पुष्कळ सांगणारं नृत्य कुणी केलं ते बघा. बैठकीची लावणी. बाई एका जागी बसलेली असते. पाय जवळजवळ वापरायचे नाहीत. पदाची एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, आणि दर वेळी भुवई, मान, बोटं, पदराचं टोक यांनी तिचा नवा अर्थ काढायचा. वाईच्या यमुनाबाई वाईकर ही अदाकारी करत. ज्यांनी त्यांना पाहिलं आहे ते सांगतात की बसल्या जागेवरून त्या अख्खी मैफल धरून ठेवत. लहानपणी गावोगाव फिरून गाऊन-नाचून पोट भरलेली ही बाई. संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि पुढे 2012 मध्ये पद्मश्री मिळाली ती उतारवयात. समकालीन नृत्य करणाऱ्या आम्हा मंडळींनी जडसन चर्चइतकाच बैठकीच्या लावणीचा अभ्यास करायला हवा, आणि तुम्हीही दोन्हींकडे एकाच नजरेने बघायला हवं. बसून केलेली लावणी उभ्या लावणीपेक्षा स्वस्त, असं कुठल्या जाणकाराने कधी म्हटलं?

पैसे नसतात तेव्हा कात्री कुठे लागते, हेही बघण्यासारखं आहे. बेल्जियममधला फ्लँडर्स हा प्रांत समकालीन नृत्याचं मोठं केंद्र. नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅन तेरेसा दे किर्समाकरचं 1982 चं 'फाझ' आणि 1983 चं 'रोझास दान्स्त रोझास', मोजक्या हालचालींच्या आवर्तनांतून उभी राहिलेली ही कामं तिथली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारने कलांच्या अनुदानाला कात्री लावली. मोठ्या मान्यवर संस्थांना 3 टक्के, इतर बहुतेक संस्थांना 6 टक्के, आणि नवख्या किंवा स्वतंत्र कलावंतांना मिळणाऱ्या प्रकल्प-अनुदानाला तब्बल 60 टक्के. ज्यांच्याकडे इमारत, कार्यालय, वकील आहेत त्यांना सर्वांत कमी झळ बसली आणि ज्यांच्याकडे फक्त एक कल्पना आहे त्यांना सर्वांत जास्त. तिथले कलावंत रस्त्यावर उतरले. स्वतःच्या कामांच्या छायाचित्रांचा 60 टक्के भाग पिवळ्या रंगाने झाकून त्यांनी ती सगळीकडे लावली.

आपल्याकडे कात्री लावण्याइतकं कापडही नाही, पण रचना तशीच आहे. केंद्राच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत गुरूला महिना 15 हजार आणि प्रौढ शिष्याला 10 हजार रुपये मिळतात. योजना नसती तर अनेक संस्था केव्हाच बंद पडल्या असत्या, हे मी मान्य करते. पण पस्तिशीतली, स्वतः रचना करणारी, मुलाबाळांची नर्तकी तिथे 'शिष्य' म्हणूनच बसते. शिष्याला विद्यावेतन द्यायचं असतं, मजुरी नाही, आणि गुरू नसलेल्या, बरोबरीच्या नात्याने काम करणाऱ्या गटांना तर बसायला जागाच नाही. जीएसटीच्या सवलतीत लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्याला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे. समकालीन नृत्याचा त्यात उल्लेख नाही. आमच्यापैकी बहुतेकांची कमाई नोंदणीच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष भुर्दंड क्वचितच पडतो. पण आपण कुणाच्या यादीत नाही हे कळतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला-संस्कृती यांचं जतन आणि पारंपरिक कला-हस्तकलांचा विकास यांसाठी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी द्यायचा, पैसा खर्च करता येतो. कंपनीतल्या अधिकाऱ्याला मी माझं काम समजावून सांगते, तेव्हा 'यात पारंपरिक काय?' हा प्रश्न हमखास येतो.

करोनाच्या काळात 2021 मध्ये राज्य सरकारने कलावंतांना एकरकमी 5 हजार रुपयांची मदत जाहीर केली. जत्रांचे दोन हंगाम बुडालेल्या तमाशाच्या फडांना, सावकाराचं व्याज डोक्यावर असलेल्या लावणीच्या संगीतबाऱ्यांतल्या बायकांना ती रक्कम किती पुरली असेल याचा हिशेब तुम्हीच करा. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्यासाठी मागताना त्यांच्या ताटातलं मागायचं नाही. लावणी, तमाशा, कथक आणि आम्ही, असे एकमेकांसमोर उभे करून तुटपुंज्या पैशांसाठी झुंजवले जाणार असू, तर मला त्या झुंजीत उतरायचं नाही.

मुंबईत राहून आयुष्यभर समकालीन नृत्य करणारे अस्ताद देबू डिसेंबर 2020 मध्ये गेले. मूकबधिर मुलांबरोबर, रस्त्यावरच्या मुलांबरोबर, मणिपूरच्या ढोलवादकांबरोबर त्यांनी काम केलं, पद्मश्री मिळाली, जगभर फिरले. तरीही शेवटपर्यंत प्रायोजकांचे उंबरे त्यांना स्वतःच झिजवावे लागले. एवढ्या मोठ्या माणसाची ही स्थिती, तर त्यांच्या मागून येणाऱ्यांनी कुणाकडे बघायचं?

म्हणून माझं मागणं सांगते. सर्वांत महत्त्वाचं हे की मानधन ठरवताना रंगमंचावरची डोकी आणि मिनिटं मोजणं थांबवा. रोजगार हमीच्या कामावर खड्ड्याचं माप घेऊन मजुरी ठरते, तशी आमची ठरवली तर हात चार मिनिटांत खांद्यापर्यंत गेला म्हणून आम्हाला एक हातभर मजुरी मिळेल. तालमीचे तास विचारा. तुमच्या अर्जात प्रवास, वेशभूषा, नेपथ्य यांचे रकाने असतात आणि नेपथ्याचा रकाना रिकामा सोडला की एकूण आकडा आपोआप खाली येतो. तिथे तालमीचा रकाना घाला, त्यात नर्तकांची तासाची मजुरी आणि हॉलचं भाडं धरा, आणि कार्यक्रम ठरताच यातला निम्मा तरी भाग आगाऊ द्या. कार्यक्रमानंतर कित्येक महिन्यांनी येणाऱ्या धनादेशावर तालीम होत नाही.

पैसे खरोखरच नसतील तर जागा द्या. महापालिकांच्या नाट्यगृहांत, शाळांच्या सभागृहांत, सकाळच्या वेळी कितीतरी मंच रिकामे पडलेले असतात. लाकडी मंचावर आठवड्यातले तीन सकाळचे तास मिळाले तरी आमच्या खर्चाचा आणि दुखापतींचा मोठा भाग कमी होईल. वीज, पंखे, पहारेकरी यांचा खर्च आम्ही भरू. बदल्यात तालीम खुली ठेवू. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांनी येऊन बसावं, मध्येच उठून जावं, प्रश्न विचारावेत. चेन्नईच्या नृत्यदिग्दर्शिका पद्मिनी चेत्तूर यांच्या 'वॉल डान्सिंग'मध्ये तीन तास प्रेक्षक नर्तकांच्या आसपास हवे तसे वावरत असत. असं बघणं आपल्या लोकांना परकं नाही. कीर्तनात आणि भारुडात आपण असेच येतो-जातो.

आणि निवड करताना एवढं बघा की हे काम आम्ही कशासाठी असं केलं आहे. 2013 च्या 17 जूनला इस्तंबूलच्या तक्सिम चौकात एर्देम ग्युंड्युझ हा नर्तक खिशात हात घालून नुसता उभा राहिला. पोलिसांनी आंदोलकांना चौकातून हुसकावून लावलं होतं आणि जमावाला बंदी होती. तो घोषणा देत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. संध्याकाळपासून सुमारे आठ तास तो तसाच उभा होता, आणि बघता बघता शेकडो लोक त्याच्याजवळ येऊन तसेच उभे राहिले. पोलिसांनी त्याची झडती घेतली, पण उभं राहण्यावर कोणता गुन्हा लावायचा हे त्यांना कळेना. ते आठ तास त्याच्या शरीराला झेपले, याचं एक कारण त्या शरीराला मिळालेली तालीम हेही आहे.

पुढच्या मोसमासाठी तुमच्यापैकी बहुतेकांच्या बैठका आता सुरू होतील. त्या बैठकांना एखाद्या नर्तकाला बोलवा, ज्येष्ठ गुरूंना बोलावता तसंच. मला बोलावलंत तर मी येईन. आमच्या गेल्या रचनेची तालमीची वही माझ्याकडे आहे. कोण किती वाजता आलं, किती तास थांबलं, हॉलचे किती दिले, कोण दुखापतीमुळे बसून राहिलं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. ती मी टेबलावर ठेवेन आणि मग आपण मानधनाचं बोलू.

आपली,
पुण्यातली एक नर्तकी